न्हाणी उकरून ठेवलीय, भिंती उघड्या आहेत. आत्ताच काय काय करून घेऊ?

वृंदावन_सातारा

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचं बैठं घर आहे, सासऱ्यांनी १९८७ साली बांधलेलं. दगडी जोतं, पुढे ओसरी, अंगण, तुळस. घरात पाच माणसं. सासूबाई (सगळे त्यांना माई म्हणतात) ७६ वर्षांच्या, दोन्ही गुडघे झिजलेले आणि बोटांचे सांधे सुजलेले. मी, हे, तेरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची लेक.

गेल्या आषाढात माई न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही, मनगट मुरगळलं. पण त्या दिवसाचं जे डोळ्यांसमोरून जात नाही ते वेगळंच आहे. न्हाणीचं दार आत उघडतं. माई दाराला पाय लावून पडलेल्या, त्यामुळे बाहेरून ढकललं की दार त्यांच्याच गुडघ्यावर जायचं. आतून त्या म्हणत होत्या, "ढकलू नका गं, ढकलू नका." शेवटी मुलाला स्टुलावर चढवून झरोक्याच्या काचा एकेक करून काढल्या आणि तो अंग चोरून आत उतरला. वीस मिनिटं गेली. मी बाहेर दाराला कान लावून उभी.

त्यानंतर एकदा लेकीची वेणी घालताना माई सहज बोलून गेल्या, की संध्याकाळी सहानंतर त्या पाणी पीत नाहीत. रात्री उठावं लागू नये, कुणाला उठवावं लागू नये म्हणून. कधीपासून? तर दोन वर्षं होत आली. एका घरात राहून मला पत्ता नव्हता.

म्हणून आता न्हाणी नव्यानं करायला घेतलीय. माप ८ बाय ५ फूट. दाराची चौकट सव्वादोन फुटी, दाराशी चार इंचांचा कठडा (पाणी बाहेर येऊ नये म्हणून). दिव्याचं बटण न्हाणीबाहेर साडेचार फुटांवर. लेक अजूनही पालथ्या बादलीवर उभी राहून बेसिनला हात पुरवते.

काम बघणारे गृहस्थ म्हणतात, "माईंसाठी मागच्या पडवीत वेगळं काढू, तिथं हँडल वगैरे सगळं बसवू. ही तुमची न्हाणी छान करा." मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते त्यांना नीट सांगताही येत नाहीये. सोमवारी प्लंबिंगचे पाइप बंद करून गिलावा सुरू होईल. त्याआधी काय करून घ्यावं? शिवाय अंगणातून ओसरीवर यायला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या आहेत आणि मुख्य दाराला लाकडी उंबरठा, चांगला तीन इंच वर आलेला. त्याचंही सुचवा. दोन्ही मिळून हाताशी दोन लाख आहेत.

---

गिलावा

ताई, सोमवारी भिंती बंद करू देऊ नका. चार दिवस थांबवा. मी कोल्हापूरकडे बावीस वर्षं साइटवर आहे, आणि टाइल लागल्यावर मला बोलावणारी घरंच जास्त. तेव्हा फोडाफोडीशिवाय काही करता येत नाही.

पहिलं, आधाराच्या दांड्या. दांडी कुठलीही आणा, तिच्यामागे भिंत काय आहे ते महत्त्वाचं. तुमची बाहेरची भिंत दगडी असेल तर प्रश्न नाही. आतली चार इंची विटेची असेल तर नुसत्या प्लास्टिकच्या गट्टूत स्क्रू पिळून भागत नाही, माणसानं अंग टाकलं की विटेसकट निघतो. जमिनीपासून दोन फुटांवर सुरू करून एक-सव्वा फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा आतून फिरवून घ्या, कमोडच्या बाजूला आणि आंघोळीच्या बाजूला. आज दांडी एकच लावा, उद्या दुसरी हवी झाली तर कुठंही अँकर मारता येईल. टाइल लागण्याआधी टेप धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, पाइप कुठून गेलाय ते पाच वर्षांनी कुणाला आठवत नाही. दांडीची जाडी मुठीत मावेल अशी, सव्वा ते दीड इंच, आणि भिंतीपासून अंतर दीड इंच. जास्त ठेवलं तर हात निसटून कोपर आत अडकतं. आणि टॉवेलची दांडी कमोडजवळ लावूच नका. घसरणारा माणूस हाताला येईल ते धरतो, आणि टॉवेलची दांडी हातात घेऊन खाली येतो.

दार. चौकट तीन फुटी करा, म्हणजे फळी उघडल्यावर मोकळी जागा बत्तीस इंच मिळते. आज माई चालतायत, उद्या कुणाचा पाय प्लास्टरमध्ये गेला तर खुर्ची आत गेली पाहिजे. दार बाहेर उघडणारं. बोळ अरुंद असेल तर सरकतं. आतली कडी अशी घ्या की बाहेरून नाणं घालून फिरवता येते, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तुम्ही लिहिलेली ती वीस मिनिटं मी दोन घरांत पाहिली आहेत.

कठडा काढा. बैठं घर आहे, खाली स्लॅब नाही, त्यामुळे न्हाणीची जमीन दोन इंच खाली घेणं अवघड नाही. उतार दारापासून लांबच्या भिंतीकडं, ८ फुटांत साधारण सव्वा इंच पुरतो. त्या भिंतीशी लांबट जाळी टाका. पाणी दाराकडं फिरकत नाही. मिस्त्री म्हणेल "कठडा लागतोच". उतार नीट काढायचा कंटाळा आला की कठडा लागतो.

टाइल मॅट आणि लहान, एक फुटाची. सांधे जास्त तितकी पायाला पकड जास्त. टाइल किती कमी घसरते त्याचे आर-१०, आर-११ असे आकडे दुकानदार सांगेल, न्हाणीला ११ घ्या. पण आकड्यावर जाऊ नका, दुकानातच टाइलवर साबणाचं पाणी ओतायला लावा आणि अनवाणी उभ्या राहा.

---

चाफा

वृंदावन, तुम्हाला का पटत नाहीये ते मी सांगून बघते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, ठाण्यात, म्हणजे दुखणं किंवा वय आडवं आलं तरी माणसाला रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठी मदत करते. संध्याकाळनंतर पाणी बंद करणाऱ्या आज्या मला दर आठवड्याला भेटतात. म्हातारपणी तहान तशीही कमी लागते. त्यात पाणी तोडलं की उठताना चक्कर, लघवीला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ. आणि चक्कर आली की पुन्हा तीच न्हाणी. माईंनी स्वतःच्या तब्येतीवर उदार होऊन तुमची झोप राखली. अशा बाईला पडवीत वेगळं काढून देणं म्हणजे तिला जे वाटत होतं तेच खरं ठरवणं, की आपली अडचण होते.

यावर जगात बराच विचार झालेला आहे. रोनाल्ड मेस नावाचा अमेरिकन वास्तुरचनाकार होता. नऊ वर्षांचा असताना पोलिओ झाला, पुढं चाकाच्या खुर्चीवरच शिकला. अपंगांसाठी वेगळं, बाकीच्यांसाठी वेगळं असं न करता पहिल्यापासून सगळ्यांना चालेल असं बांधायचं, हा विचार त्यानं मांडला आणि त्याला 'युनिव्हर्सल डिझाइन' हे नाव दिलं. १९९७ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात त्यानं आणि सहकाऱ्यांनी त्याची सात तत्त्वं लिहून काढली. त्यातलं पहिलंच हे: वापर सगळ्यांना सारखा, कुणाला बाजूला काढायचं नाही. आपल्याकडं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या मंडळींनी २०११ मध्ये भारतासाठी म्हणून तत्त्वं तयार केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या संकल्पनेची व्याख्या आहे. कायदा तुमच्या न्हाणीत येणार नाही, पण काम बघणाऱ्या गृहस्थांना सांगायला बरं.

आणि हे म्हाताऱ्यांपुरतं राहत नाही. सॅम फार्बर म्हणून एक गृहस्थ होते, त्यांच्या पत्नीला संधिवात. साधं सोलाणं धरताना तिचे हात दुखत, म्हणून १९९० मध्ये जाड, मऊ मुठीचं सोलाणं बाजारात आणलं. संधिवात नसलेल्यांनीही ते उचलून घेतलं, कारण ओल्या हातातून ते कुणाच्याच निसटत नाही.

आता न्हाणीतलं, जे मिस्त्री सांगणार नाहीत. माईंना खुर्चीवर ताठ बसवा, पाय जमिनीवर सपाट, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत टेप लावा. जे माप येईल त्यात एक ते दोन इंच मिळवा, ती तुमच्या कमोडची सीटसकट उंची. नेहमीचे कमोड सोळाच्या आसपास येतात, गुडघे दुखणाऱ्याला तेवढ्यावरून उठणं म्हणजे विहिरीतून वर येणं. भिंतीला टांगलेला कमोड घेतलात तर उंची तुमच्या हातात राहते. लेकीला पायाखाली बुटकं स्टूल द्या.

आंघोळीचं जरा सविस्तर सांगते, कारण परदेशी पुस्तकांत शॉवरच असतो आणि आपली माणसं बादली-तांब्या सोडत नाहीत, सोडायचं कारणही नाही. माई पाटावर बसत असतील तर ते थांबवा. सतरा-अठरा इंचांचं, रबरी पायांचं, पाठ असलेलं स्टूल. पण मग बादली खाली राहते आणि दर तांब्याला कमरेतून वाकावं लागतं. वाकणं, उठणं आणि ओली जमीन, तिन्ही एका वेळी. म्हणून नळाखाली नऊ-दहा इंच उंचीचा कट्टा बांधून घ्या, बादली त्यावर. तांब्या सुजलेल्या बोटांना जड जातो, कानाचा मग ठेवा. सोबत हातात धरायचा शॉवर सरकत्या दांडीवर लावा: माईंना बसून, लेकीला खाली ओढून, मुलाला वर चढवून. नळ फिरवायचे नकोत, दांडीचे घ्या. परीक्षा सोपी आहे. मूठ बंद करा, मुठीला साबण लावा आणि नळ उघडून बघा. उघडला तर घ्या.

---

दवबिंदू

मी ४१ वर्षांचा, नाशिक. मला रेटिनायटिस पिगमेंटोजा आहे. आधी रात्रीचं दिसणं गेलं, मग कडेचं, आता बोगद्यातून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. तेव्हा दिसण्याबद्दल थोडं.

पांढऱ्या टाइलवर पांढरा कमोड, पांढरं बेसिन, पांढरी बादली असं करू नका. दुकानात सुंदर दिसतं. मला त्या खोलीत धुक्यात उभं राहिल्यासारखं होतं, आणि मोतीबिंदू असलेल्या माणसाला फार वेगळं होत नसावं. कमोडमागची भिंत गडद घ्या, की बैठक कुठं संपते ते कळतं. दांडी भिंतीहून वेगळ्या रंगाची. जमीन एकाच रंगाची ठेवा, मध्ये काळी नक्षी टाकली तर ती खड्डा वाटते आणि पाय अडखळतो. ओसरीच्या पायऱ्यांच्या काठाला दोन इंचांची वेगळ्या रंगाची पट्टी हवीच, रांगोळीसारखी नक्षी नाही, सरळ पट्टी.

उजेड वाढवा, पण बल्ब डोळ्यांत येऊ देऊ नका. साठीतल्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचतो तो उजेड विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे तुम्हाला लख्ख वाटतं ते माईंना तिन्हीसांजेसारखं. माईंच्या पलंगापासून न्हाणीपर्यंत भिंतीच्या तळाशी हालचालीनं लागणारे छोटे दिवे लावा. बटणं साडेतीन फुटांवर आणा, रुंद पट्टीची. रात्री बारीक लाल ठिपका दिसत राहील अशी मिळतात. सहा वर्षांच्या लेकीलाही तेवढ्यावर हात पुरतो, आणि खुर्चीत बसलेल्यालाही.

विषय निघालाच आहे तर, २० रुपयांचं नाणं हातात घेऊन बघा. बारा बाजू आहेत. १०० च्या नोटेच्या कडांना चार तिरप्या उठावाच्या रेघा, ५०० च्या नोटेला पाच. डोळसांना त्यांचा काही त्रास होत नाही, आणि मी बसमध्ये कुणाला न विचारता पैसे देतो. घरातही मला एवढंच हवं असतं.

---

वृंदावन_सातारा

तुम्ही सगळ्यांनी केवढं लिहिलंत. गिलावादादा, काम आठ दिवस थांबवलं. पट्टा घालायला मिस्त्री तयार झाले, कठड्यावरून मात्र बराच वाद झाला.

आज दुपारी माईंचं माप घेतलं. त्या खुर्चीत बसल्या, लेकीनं खाली बसून टेपचं टोक जमिनीला दाबून धरलं, मी गुडघ्यामागं आकडा वाचला: साडेसोळा. पेन्सिलनं भिंतीवर खूण केली. माई म्हणाल्या, "लग्नात ब्लाऊजचं माप घेतलं होतं, त्यानंतर आजच." मग स्वतःच उठून, हात उंचावून, बटण कुठं हवं ते भिंतीवर बोटानं दाखवलं. तीन फूट चार इंच निघालं. दवबिंदू, तुमच्या आकड्याच्या दोन इंच खाली!

अडलंय ते उंबरठ्यावर. न्हाणीचा कठडा काढा म्हणाल्या, पण मुख्य दाराचा उंबरठा नाही. "त्यावर माप ओलांडून मी या घरात आले, तूही आलीस. लक्ष्मीपूजनाला पावलं तिथूनच काढतो." बरोबर आहे त्यांचं, मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. पण त्या तीन इंचांना त्याच सर्वांत जास्त अडखळतात. आणि पायऱ्यांचं काय? मागच्या दाराशी जमीन उंच आहे, तिथं एकच पायरी आहे, पण माईंनी मागच्या दारानं ये-जा करावी हे मला नको आहे.

---

अंगणवेल

आमच्या देवरुखच्या घरी हाच तिढा होता, आजोबांसाठी. आम्ही उंबरठा काढला नाही, खाली बसवला. लाकडी चौकटीचा खालचा भाग सोडवून त्या जागी काळ्या दगडाची सहा इंच रुंद पट्टी घातली. आतल्या फरशीपेक्षा जेमतेम पाव इंच वर, दोन्ही कडा घासून उतरत्या केलेल्या. आजोबांची चाकाची खुर्ची त्यावरून न धडकता जायची. काळा दगड फरशीहून वेगळा दिसतो, त्यामुळे उंबरठा आहे हे नजरेला आणि पायाला दोघांनाही कळतं. जुन्या लाकडाचा मधला तुकडा आईनं देवघराच्या दाराशी बसवून घेतला. हळदकुंकू रोज दगडावर वाहते. गुरुजींना विचारलं होतं, त्यांनी हरकत घेतली नाही. बाहेरून पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून दारापुढच्या ओसरीला बाहेरच्या बाजूला हलका उतार मात्र द्या.

माईंना आधी तो दगड आणून दाखवा. निवडू त्यांना द्या.

---

गिलावा

पायऱ्यांचं सांगतो. तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच. उतार एकास बारा, म्हणजे एक इंच चढायला एक फूट लांबी, तेव्हा १८ फूट लागतात. याहून उभा केला तर खुर्ची ढकलणाऱ्याची दमछाक होते आणि उतरताना सुटायची भीती. गेटपासून सरळ जागा नसेल तर कंपाउंडच्या कडेनं ९ फूट, कोपऱ्यात पाच बाय पाचचा सपाट ओटा, तिथून वळून ९ फूट ओसरीपर्यंत. पुढच्याच दाराला. रुंदी चार फूट. जोत्याला माती लावून भराव टाकू नका, ओल वर चढते आणि वाळवीला वाट मिळते. घराच्या भिंतीपासून सुटा ठेवून मध्ये पाण्याला गटार द्या.

वरून गुळगुळीत कोबा नको, साताऱ्याच्या पावसात शेवाळ धरतं. ओला असताना आडवा खराटा ओढून घ्या. कडेला तीन-चार इंचांचा बांध आणि दोन्ही बाजूंना कठडा, एक दांडी तीन फुटांवर, एक दोन फुटांवर, म्हणजे लेकीलाही. पायऱ्या तशाच ठेवा. काही गुडघ्यांना उतारापेक्षा कठडा धरून पायरी बरी पडते.

---

वृंदावन_सातारा

सात आठवड्यांनी लिहितेय.

न्हाणी झाली. दार बाहेर उघडतं, कठडा नाही, पहिल्या दिवशी मिस्त्रींनी स्वतः चार बादल्या ओतल्या आणि पाणी सगळं जाळीकडं गेलं. मग तेच म्हणाले, पुढच्या कामाला असंच करतो. कमोडमागं गडद हिरव्या टाइल. बादलीचा कट्टा ह्यांनाच सर्वांत आवडलाय, त्यांची कंबर धरायची ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

काळा दगड माईंनी निवडला. बसवला त्या सकाळी त्यांनी स्वतः त्यावर हळदकुंकू वाहिलं, उभ्यानं वाकून, एक हात चौकटीच्या दांडीला. दांडी तिथंही लावलीय.

उताराचा दुसरा भाग अजून व्हायचाय, पैसे संपले, दिवाळीनंतर. पण पहिल्या ९ फुटांवरूनच लेक सायकल नेते, आणि गॅसवाल्या दादांनी परवा सिलिंडर कोपऱ्यातल्या ओट्यापर्यंत गडगडत नेऊन तिथून फक्त उरलेल्या दीड पायरीइतकं उचललं.

माईंच्या उशाशी आता तांब्या-भांडं असतं. पहाटे उठले तेव्हा न्हाणीबाहेरचा तळातला दिवा लागलेला होता, मी अंथरुणातूनच पाहिला. मला कुणी हाक मारली नव्हती.

आता स्वयंपाकाच्या ओट्याचा प्रश्न आहे. माझी उंची पाच फूट एक इंच, ह्यांची पाच-अकरा, आणि माईंना बसून भाजी निवडायला, भाकरी थापायला जागा हवी आहे, विळीवर खाली बसता येत नाही म्हणून त्या हळहळतात. एकाच ओट्यात दोन उंच्या करता येतात का? गॅसची शेगडी कुठल्या उंचीवर ठेवावी? भिंत अजून फोडलेली नाही.